वहीत तीनदा ‘सगळं ठीक’

आपल्या बैठकीच्या खोलीत मोबाइल ठेवायच्या फळीवर एक वही असते आणि तिला दोरीनं पेन बांधलेला असतो. तुम्ही दोघं लहान असताना त्या पेननं भिंतीवर बैल काढला होता, म्हणून मी दोरी आखूड केली. ती अजून तेवढीच आहे. घरात कुणाचाही फोन आला की तारीख, वेळ, कुणाचा आणि काय म्हणाले हे एका ओळीत लिहून ठेवायचं, असा माझा नियम आहे. आजोबा सरकारी नोकरीत जनावरांचे डॉक्टर होते, सकाळी उजाडल्यापासून खेड्यांतून फोन यायचे, तेव्हा त्या नियमाची गरज होती. ते निवृत्त झाल्यावरही मी तो मोडला नाही. तुमची आई त्याला हसते. हसू दे.

त्या वहीतल्या तीन ओळींबद्दल मला तुम्हाला सांगायचं आहे. मागच्या महिन्यात तू, मोठीनं, आईला म्हटलंस की आजोबांशी फोनवर बोलण्यात काही अर्थ नाही. ‘मी रडत होते आणि ते म्हणाले, छान, अभ्यास कर.’ आईनं ते मला जसंच्या तसं सांगितलं. ते तसं म्हणाले असतील, यात मला शंका नाही. पण तू त्याचा जो अर्थ लावलास तो खरा नाही. तोच अर्थ तुझ्याआधी मी लावला आणि सौंसरच्या बाईंनीही लावला. बाईंच्या बाबतीत त्यातून जे झालं ते अजून निस्तरलेलं नाही.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी जन्मभर शाळेत तीच भाषा शिकवली. पण यातली माणसं ज्या भाषेत बोलली तिच्यातच हे सांगायला हवं. सावकाश वाचा. अडेल तिथं आईला विचारा.

बाई म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण. त्यांना सगळेच बाई म्हणतात. आजोबांची आई लवकर गेली, तेव्हा बाई स्वतः बारा वर्षांच्या होत्या आणि आजोबा सहा. त्यांना आंघोळ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं बाईंनी केलं. पुढे त्या सौंसरला लग्न होऊन गेल्या, आता विधवा आहेत, आणि शाळेत शिकवणारी मुलगी त्यांच्याजवळ राहते. गावाबाहेर त्यांचा संत्र्यांचा बगीचा आहे. दर वर्षी दिवाळीनंतर पहिली तोड झाली की त्यातलं एक पोतं सौंसरच्या बसमध्ये चढतं आणि आपल्या पांढुर्ण्याच्या स्टँडवर आजोबा ते उतरवून घेतात. तुम्ही इथं होतात त्या हिवाळ्यात त्यातली संत्री खाऊन धाकट्याचे ओठ सोलले होते.

आता आपल्या घराण्याची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलं. आपल्याकडे फोनवर वाईट बातमी सांगत नाहीत. माणूस गेलेलं असलं तरी ‘तब्येत जरा नरम आहे, येऊन जा’ एवढंच म्हणतात. ऐकणाऱ्यानं आवाजावरून काय ते समजायचं आणि बस पकडायची. बाईंचे यजमान गेले त्या दिवशी त्या फोनवर म्हणाल्या होत्या, ‘बगीच्याला पाणी देऊन राहिली, सवड झाली त चक्कर मारजो.’ आजोबांनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि मला म्हणाले, ‘भाऊजी गेले.’ मी विचारलं, कशावरून. ते म्हणाले, ‘ऐकलं नाही का तू?’ मी शेजारीच उभी होते. मला पाणी आणि बगीचा एवढंच ऐकू आलं होतं.

ही त्यांची खासियत होती. शेतकरी फोनवर म्हणायचा, ‘साहेब, गाय थोडी सुस्त आहे, उद्या आले तरी चालते.’ आणि आजोबा तेव्हाच बॅग उचलायचे. शेतकऱ्याच्या आवाजावरून गाय किती आजारी आहे ते त्यांना कळायचं. त्यामुळे चाळीस वर्षं मी एक काम त्यांच्यावर सोपवून मोकळी झाले होते. ते ‘ठीक आहे’ म्हणाले की ठीक असायचं.

गेल्या वर्षी उन्हाळा लागत असताना, सकाळी बेसिनपाशी दात घासता घासता आजोबांना भोवळ आली. ओकारी झाली आणि पाय पिऊन आलेल्या माणसासारखे पडायला लागले. आम्ही गाडी करून नागपूर गाठलं. तिथं मेंदूचा फोटो काढला. लहान मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. लहान मेंदू म्हणजे डोक्याच्या मागे, मानेच्या जरा वर असतो तो. शाळेत आपण शिकतो की तो शरीराचा तोल सांभाळतो. मी तेवढंच शिकले होते आणि तेवढ्यावरच समाधान मानलं. आठ दिवसांनी ते घरी आले, काठीनं चालायला लागले, महिन्याभरात शर्टाची बटणं स्वतः लावू लागले. मी गोळ्यांचा तक्ता करून फ्रिजला चिकटवला. आल्यागेल्याला आम्ही सांगत होतो की देवाची कृपा, थोडक्यात निभावलं.

नंतर बारीकसारीक गोष्टी घडू लागल्या. समोरच्या घरातले गृहस्थ नेहमीच्या चिडवण्याच्या सुरात म्हणाले, ‘काय साहेब, तब्येत बिघडवून फुकट सेवा करून घेऊन राहिले.’ आजोबा गंभीरपणे म्हणाले, ‘तसं नाही हो, खरंच आजारी होतो.’ मी चिडून बोलले तर ते चहा मागायचे. तुमच्या आईशी फोनवर बोलल्यानंतर मी विचारायचे, कशी आहे ती, तर म्हणायचे, ‘मजेत.’ आणि मी फोन केला की ती रडवेली असायची, तापानं फणफणलेली असायची. आधी मला वाटलं कान गेले. कान तपासून घेतले, दोन्ही चांगले निघाले. मग मी माझ्या मनाशी ठरवलं की आजारपणानं माणूस स्वतःपुरतं पाहायला लागतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाईम्हशींसाठी धावले, आता कुणाचंच पडलेलं नाही. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही. पण त्यांच्या ताटात भाजी वाढताना माझा डाव जोरात आपटायचा, हे मला आठवतं. तेही त्यांना कळलं नाही.

दुपारी चार ते पाच मी मागच्या खोलीत दहावीच्या मुलींना इंग्रजी शिकवते, तेव्हा फोन आजोबा घेतात. पावसाळा सरता सरता वहीत त्यांच्या वाकड्या झालेल्या अक्षरात एक ओळ आली. ‘४.१०. बाईचा फोन. सगळं ठीक.’ आठ दिवसांनी दुसरी, तशीच. आणखी दहा-बारा दिवसांनी तिसरी. ‘४.२०. बाईचा फोन. सगळं ठीक. सवड झाली तर ये म्हणते.’ मी संध्याकाळी वही वाचते. तिन्ही ओळी मी वाचल्या. एरवी दोन महिन्यांतून एकदा फोन करणाऱ्या बाईंनी तीन आठवड्यांत तीनदा फोन का केला, हा प्रश्न माझ्यासारख्या नेटक्या बाईला पडायला हवा होता. पडला नाही. ओळीखाली मी माझी बरोबरची खूण केली. ती खूण अजून तिथं आहे.

दिवाळी झाली, संत्र्यांचं पोतं आलं नाही. पंधरा दिवस वाट पाहून मी सौंसरला फोन केला. बाईंच्या मुलीनं उचलला.

‘मामी, आईचं ऑपरेशन होऊन महिना होत आला,’ ती म्हणाली.

‘कसलं ऑपरेशन?’

‘मामाले माहीत आहे न. आईनं तीनदा फोन केला.’

‘अगं, ते म्हणाले सगळं ठीक आहे.’

‘हाव,’ ती म्हणाली. ‘आम्हालेही असंच वाटलं की मामाचं सगळं ठीक चाललं असन, म्हणून आले नसन.’

बाईंच्या छातीत गाठ निघाली होती. भावाला हे शब्दांत सांगणं बाईंना जन्मात जमलं नसतं. मामीला कळवू नकोस, मी भावाला सांगितलं आहे, असं त्यांनी मुलीला बजावलं होतं. आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी ते सांगितलं होतंच. तीनदा.

आजोबा टीव्हीसमोर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मी मागून सगळं सांगितलं.

‘पण ती ठीक म्हणाली,’ ते म्हणाले.

‘कशी म्हणाली ते तुम्हाला कळलं नाही?’

‘कशी म्हणजे? ठीक म्हणाली.’

मग मी ओरडले. पंचेचाळीस वर्षांत ओरडले नसेन तशी. मला मुलासारखं वाढवलं त्या बाईनं, असं तुम्हीच सांगता, आणि ती मरणाच्या दारातून तुम्हाला बोलावते तर तुम्ही तिचा फोन वहीत लिहून ठेवता. शेजारीण फाटकापर्यंत आली. आजोबांनी मान न वळवता टीव्हीचा आवाज कमी केला.

‘एवढं जोरानं कायले बोलून राहिली? मले ऐकू येते. कान तपासले न.’

त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, उद्धटपणाही नव्हता. मग मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून अगदी सावकाश म्हटलं, ‘मी रागावले आहे.’

ते वळले. माझा चेहरा पाहिला आणि त्यांचा उतरला.

‘हो का,’ ते म्हणाले. ‘कधीपासून?’

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की हा स्वभावाचा प्रश्न नाही.

आम्ही पुन्हा नागपूरला त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका तरुण मॅडमना बोलावलं, बोलण्याचे दोष तपासणाऱ्या होत्या त्या. त्यांनी आजोबांसमोर चार चेहऱ्यांची चित्रं ठेवली. हसरा, रागावलेला, दुःखी आणि घाबरलेला. मग कागदानं स्वतःचं तोंड झाकून त्या एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत म्हणू लागल्या. ‘गाडी फाटकापाशी उभी आहे.’ एकदा असं म्हटलं की मला हसू आलं. एकदा असं की कोण त्या गाडीखाली आलं असेल असं वाटलं. आजोबा दर वेळी मनापासून विचार करायचे आणि एक चित्र दाखवायचे. भीतीच्या वाक्याला त्यांनी हसरा चेहरा दाखवला. रडक्याला रागावलेला. मधून एखादं बरोबर यायचं, तेही अंदाजानं. नंतर त्या मॅडमनी कागद बाजूला केला आणि नुसते चेहरे करून दाखवले. ते मात्र त्यांनी बहुतेक सगळे ओळखले.

डॉक्टर म्हणाले की कान आवाज नेतो, त्याचा अर्थ मोठा मेंदू लावतो, पण आवाजातली भावना ओळखण्यात लहान मेंदूचाही वाटा असतो, हे आता हळूहळू समजू लागलं आहे. आवाज कुठं चढला, कुठं थबकला, अपेक्षेपेक्षा किती वेगळा आला, याची तुलना तो करत असावा, जशी पाय पुढे टाकताना तोलाची करतो. सगळ्याच रुग्णांना असं होत नाही. होतं तेव्हा घरचे लोक स्वभाव बदलला म्हणतात आणि तपासायलाच आणत नाहीत. सुधारेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, थोडं सुधारेल कदाचित, सराव करा, आणि तोवर चेहरा पाहू द्या आणि शब्दांत सांगा.

मला मान खाली घालावीशी वाटली. मी शिकलेली बाई. सहा महिने मी त्या माणसावर भाजीचा डाव आपटत होते.

परतीच्या वाटेवर सावनेर मागे पडल्यावर आजोबा म्हणाले, ‘मंग बाईनं मले तीन खेपा काय सांगतलं असन?’

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं सौंसरला गेलो. बाई ओसरीवरच्या खाटेवर बसल्या होत्या. डावा हात अंगाशी धरलेला, उजव्यानं पाटावर कापसाच्या वाती वळत होत्या. बाई वाळून निम्म्या झाल्या होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘या मास्तरीणबाई. आज शाळेले सुट्टी काय?’

मला निवृत्त होऊन दहा वर्षं झाली आहेत, हे त्यांना माहीत आहे.

‘बाई, कशी आहे तू?’ आजोबांनी विचारलं.

‘मस्त आहे,’ त्या वातीकडे बघत म्हणाल्या. ‘डॉक्टर लोकांले लय कामं राहतात. फुरसत नाई भेटत. मले समजते.’

आजोबा खुर्चीत टेकले आणि मोकळेपणानं म्हणाले, ‘नाई वो, आता त फुरसतच फुरसत आहे.’

भाचीनं हातातला पाण्याचा ट्रे असा ठेवला की पेले हिंदकळले. मी घाईघाईनं मध्ये पडले. गुठळी, लहान मेंदू, चार चित्रं, सगळं सांगितलं. वर्गात सांगायचे तसं मुद्देसूद सांगितलं, आणि सांगताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘मेंदूले तसं झालं असतं त हा बोलला कसा असता?’ त्या म्हणाल्या. ‘चालते, जेवते, बातम्या पाहते. तुम्ही जन्मभर पोट्ट्यांच्या सबबी ऐकल्या, मास्तरीणबाई. आता नवऱ्यासाठी एक तयार करून आणली.’

‘बाई,’ आजोबा म्हणाले, ‘तू माझ्यावर रागावली आहे काय?’

‘असं कोणी इचारते काय?’

‘मले ते ऐकू येत नाई. शब्द येतात. बाकीचं येत नाई.’

बाईंचा हात थांबला. भावाकडे त्यांनी नीट पाहिलं, लहानपणी त्याचं खोटं पकडताना पाहत असतील तसं. मग त्या खाटेवर सरकून भिंतीकडे तोंड करून बसल्या. आम्हाला त्यांची पाठ आणि अंबाडा दिसत होता.

‘भाऊ,’ त्या भिंतीला म्हणाल्या, ‘मले आता लय बरं वाटून राहिलं. तू नाई आला त मले काईच वाटलं नाई.’

तो आवाज मी लिहू शकत नाही. विहिरीत उतरलेल्या माणसाचा दोर सुटल्यावर वरच्यांना येईल तसा काहीतरी. भाची तोंडाला पदर लावून आत गेली. आणि आजोबांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी हसू उमटलं.

‘मंग बरं झालं, बाई,’ ते म्हणाले. ‘मले उगाच घोर लागला होता.’

बाई वळल्या. त्यांचा चेहरा ओला होता, हनुवटीपर्यंत. आजोबांनी तो पाहिला. मी त्या क्षणी बहिणीकडे नव्हते बघत, भावाकडे बघत होते. त्यांच्या तोंडावरचं हसू जायला वेळ लागला, कुठं जावं ते त्याला कळत नसल्यासारखं. मग ते काठी न घेताच उठले, तोल गेला, आणि खाटेच्या कडेवर कोसळायच्या आधी बाईंनी चांगल्या हातानं त्यांची कॉलर पकडली.

‘पडशीन न रे,’ त्या म्हणाल्या. आणि कॉलर धरलेलीच ठेवून, त्यांच्या अगदी तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाल्या, ‘मी भेली होती. ऐकून राहिला काय? मी लय भेली होती. डॉक्टरनं तारीख दिली, ती मी दोन खेपा पुढे लोटली. तू येशीन म्हणून.’

‘मले सांगाचं न.’

‘सांगतलं न. तीनदा सांगतलं.’

त्या खोटं बोलत नव्हत्या.

तिथून निघताना भाची मला फाटकापर्यंत पोचवायला आली. मी विचारलं, तारीख पुढे गेल्यानं काही फरक पडला का. ती म्हणाली, ‘डॉक्टर नीट सांगत नाई. मीही खोदून विचारलं नाई, मामी. पहिल्यांदा गाठ लहान होती, एवढं मले माहीत आहे.’ आता दर तीन आठवड्यांनी नागपूरला सलाइनमधून औषध द्यायचं होतं. पोत्याबद्दलही कळलं. बगीच्याकडे बघायला कुणी नव्हतं म्हणून झाडांवरचा माल तसाच व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. पोतं रागानं अडवलेलं नव्हतं. तो राग मी माझ्या मनानं लिहिला होता.

घरी आल्यावर आजोबांनी स्वतःच एक युक्ती काढली. जनावर बोलत नाही, म्हणून डॉक्टर शेतकऱ्याला ठरलेले प्रश्न विचारतो. चारा खाते का, रवंथ करते का, कान गार आहेत का. वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी तशी यादी केली. जेवली का. झोप लागली का. डोळे ओले आहेत का. भीती वाटते का. राग आला आहे का. बाईंचा पुढचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम शेजारी बसले. त्यांनी एकेक प्रश्न यादीत बोट ठेवून विचारला. तिसऱ्या प्रश्नाला बाई पलीकडून म्हणाल्या, ‘मले गाय समजून राहिला काय बे?’ आणि फोन ठेवला. आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगणार होते, पण म्हटलं सराव होऊ दे. थोडा वेळ विचार करून त्यांनी लिहिलं, ‘बाईचा फोन. बहुतेक हसली. नक्की नाही.’

बाई हसल्या नव्हत्या. म्हणजे अर्ध्या हसल्या होत्या, आणि उरलेल्या अर्ध्याचं मला लिहिता येत नाही.

बाईंना शब्दांत सांगणं जमत नाही, अजूनही नाही. सत्तर वर्षांची सवय आहे. दोन वाक्यं हवापाण्याची बोलतात, मग थांबतात. त्या थांबण्यात पूर्वी सगळं असायचं आणि भाऊ ते उचलून घ्यायचा. आता तो नुसता थांबून राहतो आणि म्हणतो, ‘बाई, तू आहे न? आवाज बंद झाला.’ कधी कधी त्या चिडून फोन ठेवतात. भाची सांगते की मग त्या बराच वेळ बगीच्याच्या दिशेनं बघत बसतात. औषधाच्या तीन पाळ्या झाल्या. केस गेले आहेत. चौथीच्या आधी रक्त तपासलं तर ते कमी निघालं म्हणून पुढे ढकलावी लागली. पुढे ढकलणं हा शब्द आता आपल्या घरात कुणी मोठ्यानं म्हणत नाही.

म्हणून तुला सांगते, मोठे. चालता चालता फोन करतेस तेव्हा तुझा चेहरा दिसत नाही. चेहरा दिसेल असा कर, नाहीतर म्हण, ‘आजोबा, मी रडते आहे.’ विचित्र वाटेल. मलाही वाटतं. पण तू सांगितलंस की ते काय करतील ते मी पाहिलं आहे, आणि तू सांगितलं नाहीस तर ते काय लिहितील तेही.

काल दुपारी मुली गेल्यावर मी वही पाहिली. ‘४.१५. बाईचा फोन. भेली आहे, असं तिनं स्वतः सांगितलं. परवा नागपूर, चौथं औषध. मी बरोबर जाणार.’ सांगितलं या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या. मी खूण केली नाही.

उद्या सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही सौंसरला जाऊ, तिथून बाईंना घेऊन परवा पुढे. आत्ता मी पिशवी भरत होते. त्यांच्या गोळ्या, बाईंसाठी कानटोपी, रिपोर्टांची फाइल. आजोबांनी मागून विचारलं, ‘सगळं घेतलं न? तू कशी आहे?’

‘ठीक आहे,’ मी म्हटलं. फाइलच्या दोऱ्या बांधत होते, वर पाहिलं नाही.

मग काठी टेकत टेकत ते पलंगाला वळसा घालून आले आणि माझा चेहरा दिसेल असे समोर येऊन उभे राहिले.